चौथ्या मजल्यावर बसलेला माणूस

बाबा,

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आपण यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा अख्ख्या इमारतीत मोजक्याच घरांत दिवे लागायचे. बाकीचे फ्लॅट नुसते सिमेंटचे, दारंसुद्धा न लावलेले. वारा सुटला की वर कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटायचं. तुम्हाला स्वतःच्या घराचं कोण कौतुक! मला मात्र त्या कोऱ्या भिंतींची हाव सुटली होती. मी सोळा वर्षांची, आर्ट कॉलेजला जायचंच असं डोक्यात घेतलेली, आणि तुमचं उत्तर ठरलेलं: "चित्रं रविवारी काढायची असतात. बी.कॉम. कर." आईने तर माझी रंगपेटी कपाटावर पार मागे ढकलून दिली होती.

म्हणून शाळेतून आले की चौकीदाराच्या शेगडीतला विझलेला कोळसा घेऊन मी चौथ्या मजल्यावर जायचे. तिथल्या रिकाम्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत मी तुम्हाला काढलं. खऱ्या मापाचं, खुर्चीवर बसलेलं, पाठमोरं. मला तुम्ही दिसायचात ते तसेच, स्कूटरवर पुढे, फायलींवर वाकलेले, टीव्हीसमोर. आईने विणलेला हाफ स्वेटरही काढला, टाक्यांसकट. हात अजून बसला नव्हता, खांदे जरा जास्तच वाकले, आणि तुम्ही होतात त्यापेक्षा बरेच म्हातारे झालात.

मग खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आईला सांगितलं, तुमची मुलगी रोज वर जाते. संशयाला औषध नसतं. आईने मला स्वयंपाकघरात उभं केलं.

"कोण आहे तो? खरं सांग."

"कुणी नाही गं. चित्र काढते मी."

"अच्छा, चित्र! तोंड काळं करून येतेस आणि चित्र म्हणे!"

गालावर कोळसा होता खरा. मी रडायला लागले, त्यावर तिने हवा तो अर्थ काढला. तुम्ही खुंटीवरची छत्री घेतलीत आणि जिना चढायला लागलात. संध्याकाळ होती, लाइट गेलेली. मी मागोमाग आले, पण शेवटच्या वळणावर माझे पाय थांबले.

"कौन है? बाहर आओ!" तुम्ही आतल्या खोलीच्या दारातून ओरडलात. पुन्हा ओरडलात. बाबा, ते चित्र आहे, असं मला सांगायचं होतं, पण मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. आणि मग तुमचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, आणि मराठीत. "अहो... कोण आपण?"

अंधारात बसलेल्या परक्या माणसाशी तुम्ही मराठीत का बोललात, हे मी अजून स्वतःला विचारते. बाहेर आलात तेव्हा छत्री काखेत होती. माझ्याकडे न बघता खाली गेलात आणि आईला म्हणालात, "मुलगाबिलगा कुणी नाही. एक म्हातारे गृहस्थ आहेत. बसलेत. बसू दे त्यांना."

आई तुमच्याकडे बघतच राहिली. पुढे विचारायची हिंमत तिलाही झाली नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीत. त्यानंतर घरात तुम्ही कुणाकडे पाठ करून बसलेले मला आठवत नाही. उन्हाळ्यात एका सकाळी तुम्ही स्कूटर काढलीत आणि मला आर्ट कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला सोडलंत. वाटभर तुमची पाठ काठीसारखी ताठ होती. फाटकाशी म्हणालात, "जा. पण घरातल्या कुणाला काढू नकोस." मी आजवर ते पाळलं आहे.

तुम्ही केस पांढरे व्हायच्या आधीच गेलात. भिंतीवरच्या त्या माणसाच्या वयापर्यंत पोचलाच नाहीत. मी माणसांचे चेहरे रंगवून पोट भरते, आणि डोळे मिटले की मला तुमचा चेहरा जुळवता येत नाही. ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला फोटो आहे घरात, पण तो कुणाचाही असू शकतो.

गेल्या आठवड्यात आईचं सामान हलवायला सोसायटीत गेले होते. पाय आपोआप चौथ्या मजल्यावर गेले. आता तिथे दार आहे, तोरण आहे. एका तरुण मुलीने दार उघडलं. मी आतल्या खोलीच्या भिंतीचं विचारलं, तर ती हसली. "हर दिवाली पेंट कराते हैं आंटी, फिर निकल आते हैं. बच्चे तो दादाजी बोलते हैं."

मीही हसले. "पीठ करके बैठे हैं ना?"

"पीठ? नहीं तो. सामने देख रहे हैं. आइए ना, दिखाती हूँ."

आतली खोली तिथून दिसत होती, पडदा अर्धा सरकलेला. माझ्या हातून न काढला गेलेला तुमचा चेहरा तिथे होता म्हणे. मला तो हवा आहे, बाबा, किती हवा आहे ते सांगता येत नाही. पण तुम्ही माझ्याकडे कसे बघत असाल, याची भीती वाटली. चपला काढल्या होत्या, त्या पुन्हा पायांत घातल्या आणि खाली आले.