सातव्या ग्रीनखालचा चौकोन

प्रिय दादा,

फोन करता आला असता, पण फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही.

आधी बातमी. आपल्या गोल्फच्या मैदानाचा नकाशा आता टॅबवर आलाय. क्लबने ड्रोन घेतलंय. ते सकाळी वरून फिरतं आणि कुठे ओल आहे, कुठे माती तापलीय ते रंगांत दाखवतं. मी आधी नाकच मुरडलं. अनवाणी चालून ओल ओळखणाऱ्या तुझ्या हाताखाली शिकलेली मी, मला हे खेळणं काय शिकवणार! आता हाताखालचे माळी हसतात, कारण टॅबला मी कुणाला हात लावू देत नाही.

परवा सातव्या ग्रीनचं चित्र उघडलं. तीच भोकाभोवतीची बारीक हिरवळ, सहा वर्षांपूर्वी सामने आठवड्यावर आले असताना जळालेली. खत जास्त कुणी टाकलं, असं कमिटीने विचारलं आणि तू म्हणालास, "माझ्या हातून झालं." दुसऱ्या दिवशी किल्ल्या ठेवून गेलास आणि रोपवाटिकेत कुंड्या विकायला लागलास. मुख्य माळ्याची तुझी खुर्ची मला मिळाली. तिच्यात मी अजून अंग चोरून बसते.

चित्रात त्या जागी लाल चौकोन होता. चौकोन रे, कोपरे काटकोनात! खताने जळलं असतं तर खताची गाडी जाते तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा दिसला असता. जमिनीवरून आपल्याला नुसता डाग दिसायचा. मी सळई खुपसली. वीतभर गेली आणि खण्णकन अडली. खाली सिमेंटची फरशी आहे, मैदान होण्याआधीच्या कुठल्याशा पंपघराची. मुळांना खाली जायला जागाच नव्हती. त्या उन्हाळ्यात पाणी कमी केलं आणि गवत जागच्या जागी भाजलं. मी तिथेच फतकल मारून हमसून हमसून रडले. माळ्यांना वाटलं, विंचू चावला.

आता ते, जे सांगायला सहा वर्षं तोंड उघडलं नाही. सातव्यावर खत टाकलं त्या दिवशी गाडी माझ्याकडे होती. मध्येच फोन आला, कुठवर आले होते ते विसरले आणि अंदाजाने पुन्हा सुरुवात केली. गवत पिवळं पडलं तेव्हा माझी खात्रीच झाली. तुझीही झाली असणार, म्हणून तू पुढे झालास. मला एका शब्दाने विचारलं नाहीस आणि मीही गप्प राहिले.

दादा, गवत मी जाळलं नव्हतं. तूही नाही. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! पण तुला एकट्याला जाऊ दिलं ते मीच, त्याचा दोष फरशीवर ढकलता येत नाही. कमिटीला सगळं सांगितलंय, माझंसुद्धा. सोमवारी फरशी फोडायची आहे. पहार तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय, पहिला घाव तुझा. बूट घालून ये, या वेळी अनवाणी नको.

तुझीच, काल सहा वर्षांनी गाढ झोपलेली,
ठमी