तुमचा आवाज ठेवायचा की नाही

सर, परवा मी तुमच्याविरुद्ध हात वर केला. आधी हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "गुऱ्हाळ लावू नको, मुद्द्यावर ये."

आपली मंडळी अजून जमते, अमरावतीत, कॉलेजमागच्या त्याच खोलीत. मी अकोल्याहून एसटीनं येते. सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर कोणी लिहून आणलं की ते आपल्या सर्व्हरवर ठेवायचं की नाही, यावर तशीच भांडणं होतात. एखादं पोरगं हौसेनं आपलं काम दाखवायचं आणि तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून विचारायचात, "तू उद्या मेला तं याले कोन पाहीन?" पोरगं गडबडून जायचं. दुसरा सांभाळणारा आणल्याशिवाय तुम्ही कोणालाच जागा दिली नाहीत. मलाही परत पाठवलंत, तेव्हा मी अकोल्यापर्यंत रडत गेले होते. नंबर फिरवला की तुमच्या आवाजात पाऊस सांगणारा तुमचा फोन-प्रोग्राम आला तेव्हा मात्र तुम्हाला हा प्रश्न कोणी विचारला नाही. सरांना मरणाचं कसं विचारायचं?

त्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्या स्वयंपाकघरात झालं, कारण बाहेरच्या खोलीत ऑटोंचा गलका यायचा. उन्हाळा, खिडक्या बंद, पंखाही बंद. तुम्ही घामाघूम होऊन एकेक शब्द वऱ्हाडीत बोलताय, मी माइक धरून बसलेय, आणि काकू दारातून विचारतायत, "मले सयपाक करू देता का नाई?" शेवटी त्यांनी कुकर चढवलाच. 'पानी' या शब्दामागे शिट्टी आली. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. तुम्ही हसलात. "राहू दे वं. पानी आलं तरच घरोघर कुकर वाजते."

तुम्ही गेलात, तरी तुमचे सुटे शब्द जोडून फोन बोलत राहिला. कास्तकार नंबर फिरवायचे आणि तुम्ही त्यांना उद्याचं सांगायचात, वर्षानुवर्षं. यंदा हवामानाची माहिती जिथून यायची तेच बंद पडलं. प्रोग्राम शेवटच्या अंदाजावर अडकून बसला. "दोन दिवसात पानी येते, पेरनी करा." रोज तेच. पातूरकडच्या एका काकांनी तेवढ्यावर विश्वास ठेवून पेरलं. पाऊस आलाच नाही, सगळं बियाणं मातीत गेलं. तक्रारीसाठी दिलेला नंबर माझा, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, काका, सरांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते म्हणाले, "असं कसं बाई? आज सकाळीच तं बोलले माह्यासंग."

आम्ही तुमचा कोड उघडून पाहिला. दुरुस्त करायचा खूप प्रयत्न केला, पण तो तुमच्याशिवाय कोणाला कळण्यासारखा नव्हताच. फार राग आला मला तुमचा. जगाला शहाणपण शिकवलंत आणि स्वतःपुरतं विसरलात. बैठकीत सगळे म्हणत होते, सरांचा आवाज आहे, राहू द्या. तुमच्याच हाताखाली शिकलेला एकजण काकुळतीला आला. "रोज सकाळी एक तरी फोन येतेच, ताई. लोकं वापरून राहिले. कसं बंद करता?"

मी म्हटलं, "मंग याले कोन पाहीन?"

मी हात वर केला, मग एकेक करून बाकीच्यांनी. तुमचं रेकॉर्डिंग जपून ठेवलंय, सर, काळजी करू नका. पण आता नंबर फिरवला तर पलीकडे तुम्ही नसाल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. बरंच आहे. बैठकीत मी एक गोष्ट गिळली, ती तुमच्या तोंडावर बोलण्याची हिंमत मला झाली नसती. रोज सकाळी येणारा तो फोन माझा होता. तुम्ही काय सांगताय, कालचंच सांगताय का, याकडे माझं लक्षच नसायचं. मी शिट्टी ऐकायची आणि ठेवून द्यायची.