आभारप्रार्थनेतलं नाव

साक्री, गुरुवार

प्रिय योगेंद्र,

आई गेली हे तोताराममामांनी तुला कळवलंच आहे. तू मातीला आला नाहीस. रागावण्यासाठी लिहीत नाही; राग येऊन गेला, आता नुसता थकवा उरलाय. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून मामांकडून तुझा सुरतचा पत्ता घेतला. फाडण्याआधी एकदा वाच रे बाबा, मोठ्या बहिणीचं एवढं तरी ऐक.

फार सुखाने गेली. मंगळवारी दुपारी पेज मागितली, चार चमचे घेतली, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली. मग म्हणाली, मला खिडकीकडे तोंड करून निजव. मी तिचं आवडतं गीत म्हणत बसले. माझा गळा कसा आहे ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कडव्याला सूर पार घसरला तरी तिने टोकलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पाहिलं तर चेहरा शांत, आणि श्वास नाही. पांढरं पातळ तिने केव्हाच धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवलं होतं. शेजारच्या कुंदाबाईंनी रडत रडत तिला नेसवलं. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वसतिगृहात तिच्या हातच्या भाकरी खाऊन मोठी झालेली पोरं, आता टकली झालेली, पार जळगाव-धुळ्याहून आली. जो तो म्हणे, मरण यावं तर असं. मी मान हलवायचे आणि आतून जळायचे.

का ते सांगते. तुझी दीपमाला बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि दोघांना माती देऊन घरी आल्यावर आई तुला म्हणाली, देवाची इच्छा. तिने तसं म्हणायला नको होतं. मी तिचीच मुलगी, तरी सांगते, नको होतं. त्या देवाचं नाव माझ्यासमोर काढू नको म्हणून तू ताट ढकललंस, आणि गेलास तो गेलासच. अकरा वर्षं झाली. पाळक जीवरामसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की ही दर रविवारी पदर सावरून उभी राहायची. मना योगेंद्रकरता, एवढंच म्हणायची आणि खाली बसायची. घरी तर रोज पहाटे, गुडघे टेकून. गुडघे गेले तेव्हा खाटेवर बसून. आपल्या त्या एका वाक्याने पोरगा गमावला, हे तिला पुरतं कळलं होतं रे. फक्त तुला सांगायला तू समोर नव्हतास.

डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दीड महिना. मरणाची तिला भीती नव्हती, तिची कधीचीच तयारी होती. पण डोळ्याला डोळा लागेना. योगेंद्रनं काय व्हई, योगेंद्रनं काय व्हई, हाच घोष. एका सकाळी मला बघवेना आणि मी बोलून गेले, आई, योगेंद्रचा फोन आला होता. तो पुन्हा चर्चला जायला लागलाय. तुझ्यावर राग नाही म्हणाला. जन्मात मी तिच्याशी दोनदाच खोटं बोलले, आणि पहिलं तुझ्या सिगारेटच्या पाकिटासाठी. म्हणजे दोन्ही वेळा तुझ्यापायीच, मेल्या.

ती रडली, हसली, माझ्या हातांचे मुके घेत राहिली. रविवारी हट्टाने चर्चला आली. विनंत्या झाल्या, ती उठली नाही. आभार मानायची वेळ आली तेव्हा मला धरून उभी राहिली आणि म्हणाली, मना पोऱ्याना फोन उना व्हता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे आभारप्रार्थना घेतली. अख्ख्या मंडळीने माझ्या थापेबद्दल देवाचे आभार मानले, आणि मीही मान खाली घालून आमेन म्हटलं. त्या दिवसापासून तिला गाढ झोप लागू लागली. तिच्या जिवाला शांती तर मिळाली ना, अशी मी माझी समजूत घालत होते.

पण आज सकाळी तिची खाट बाहेर काढताना एकदम लक्षात आलं. त्या रविवारपासून आईने तुझ्यासाठी काही मागितलंच नाही. कशाला मागेल? तिला मिळालं होतं. अकरा वर्षांत जी बाई एक दिवस चुकली नाही, तिचे शेवटचे तेवीस दिवस माझ्यामुळे तुझ्यासाठी काही न मागता गेले. खोट्याची माफी मी देवाकडे मागेन, ते माझं मी निस्तरेन. पण ही प्रार्थना तुझी होती योग्या, तुझ्या वाट्याची, आणि मी ती तुला न विचारता थांबवली. तेवढं कबूल करायला हे पत्र लिहिलं. तू मानत नसशील, तरी रोज कुणीतरी तुझं नाव घेतंय हे तुला आतून माहीत होतं. म्हणून तर इतका बिनघोर रागावू शकलास. आता ते माणूस नाही. मी करून पाहिलं. गुडघे टेकले, तुझं नाव घेतलं, आणि पुढे शब्दच फुटेना. तू एकटा आहेस की घर केलंस, तब्येत कशी आहे, कशाची काळजी आहे, मला काहीच ठाऊक नाही. तेवढं कळव. काय मागू रे तुझ्यासाठी?

तुझीच,
रत्नाअक्का