ओळीतली पहिली जागा

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मैदानावरची तुमची जागा कुणी घेतली नव्हती. मोठा माणूस गेला की भाषणात 'त्यांची जागा रिकामी आहे' असं म्हणतात, तसलं हे नाही. ही खरोखरची जागा. कबड्डीत बाद झालेले गडी मैदानाच्या मागे ओळीनं बसतात ना, त्यातली पहिली. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी माती. माझा भाऊ तिथं कुणाला टेकू द्यायचा नाही. पावसाळा संपला की मैदानातलं गवत काढताना तो आधी तेवढा तुकडा साफ करायचा आणि मग त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत बसायचा. काय बोलायचा ते मी कधी विचारलं नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला असल्या गोष्टींना वेळ नसतो, असं मी सांगत आले. वेळ नसणं फार सोयीचं असतं.

तुम्ही मुंबईत कंपनीच्या संघातून खेळून, नोकरी संपवून गावात परत आलात तेव्हा माझा भाऊ पंचविशीचा असेल. अंगानं रेडा आणि डोक्यानं पाच वर्षांचा. याची बुद्धी वाढणार नाही असं डॉक्टरांनी आईला तो लहान असतानाच सांगितलं होतं. गावानं त्याला 'येडा' म्हणून मोकळं केलं होतं. तो रोज संध्याकाळी मैदानाच्या दगडी गडग्यावर, त्या बुटक्या कुंपणावर बसून सराव बघायचा. एक दिवस त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, गडग्यावरून उतरला, सरळ मैदानात शिरला आणि चढाईला आलेल्या पोराला कमरेत धरून भाताच्या पोत्यासारखं उचललं. खाली काही ठेवेना. पोरं बोंबलायला लागली, एकजण मला बोलवायला धावला, मी हातातली पळी तशीच घेऊन पळत आले. बघते तर तुम्ही त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून हसताय. "मालक, पकड झकास आहे. आता सोडायची कशी तेवढं बघू." त्याला जन्मात कुणी मालक म्हटलं नव्हतं. त्यानं पोरगं अलगद खाली ठेवलं आणि वर त्याचे केस नीट केले.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. आई भाकऱ्या थापत होती, मी बांगडे तळत होते. उद्यापासून याला पाठवा, म्हणालात. आई म्हणाली, "त्याला खेळ न्हाय कळायचा, सर. उगाच पोरं हसतील." तुम्ही म्हणालात, "मला तरी कुठं सगळा कळतो?" आणि आणखी एक भाकरी मागून घेतलीत. आईला जिंकायला तेवढी भाकरी पुरली. मी मात्र बोललेच. म्हटलं, सर, त्याला लळा लावू नका, उद्या तुम्ही नसलात की निस्तरायला मीच आहे. तुमचा चेहरा बदलला. "मी कुठं जातोय?" एवढंच बोललात, पण असं की तव्यावरचा मासा उलटायचं मी विसरले. त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही माझ्याशी कधी त्या आवाजात बोलला नाहीत. मी फणकाऱ्यानं दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतंय?

त्याला खेळवायचं तुम्ही पुष्कळ करून पाहिलंत. पकडलेलं सोडायचं कधी, हे त्याला कळेचना. शिवाय आपला गडी बाद होऊन मागे जाऊन बसला की हा रडायचा. त्याला वाटायचं, पोराला शिक्षा झाली. मग तुम्ही त्याच्याशेजारी मातीत बसायचात आणि समजवायचात की मालक, बसला म्हणजे गेला नाही. आपण समोरचा गडी बाद केला की आपला बसलेला उठतो. जो आधी बसला तो आधी उठतो. रोज तेच, त्याच शब्दांत, न कंटाळता. मी गडग्याआडून ऐकून कंटाळले, तुम्ही नाही. अख्खा हंगाम गेला आणि एक दिवस त्याच्या डोक्यात ते बसलं. मग काय, ओळ त्याची झाली. बाद गड्याचा दंड धरून त्याला जागेवर बसवायचं, आणि आपला गुण आला की खांद्यावर थाप मारून उठवायचं. तुम्ही त्याला संघाचा शर्ट दिलात, तो घालून तो झोपायचासुद्धा. मुरुडला स्पर्धेला जाताना दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीत चढलात, तर त्यानं सगळ्या उतारूंना दंडाला धरून ओळीनं बसवलं. एक पर्यटक बाई चिडली, तर तुम्ही तिला म्हणालात, "बसा ताई, गुण आला की उठवेल तो." आणि तुम्ही स्वतः शेवटच्या जागेवर जाऊन बसलात. परत आल्यावर तो आठवडाभर तेच सांगत होता. सर माझं ऐकतात, ताय. सर माझं ऐकतात.

आणि मग तो दिवस. सराव चालू असताना तुम्ही छातीला हात लावलात, मागे गेलात आणि ओळीतल्या पहिल्या जागेवर बसलात. दुसरीकडं कुठंही बसायचं होतं, सर. गडगा होता, नारळाखालचा बाक होता. पोरांना वाटलं दम लागला असेल. तो तुमच्याशेजारी उभा होता. पोरांनी तुम्हाला उचलून श्रीवर्धनला दवाखान्यात नेलं तेव्हा तो त्यांना सांगत होता, "सर बसलेत. उचलू नका. उटतील." त्यानं तुम्हाला त्यानंतर पाहिलंच नाही, मी त्याला घरात कोंडून ठेवलं होतं. पुढं आई गेली तेव्हा तो चितेजवळ उभा राहिला, ओक्साबोक्शी रडला, आणि आई आता नाही हे त्याला नीट समजलं. मी एकदा विचारलं, आईला नाही का रे उठवायचं? तो माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघत म्हणाला, "आय ओळीत कुटं बसलीवती?"

तुम्ही पहिले बसलात, तेव्हा नियमानं पहिले उठायला हवेत. गुण आला की तो आधी तुमच्या जागेपाशी वाकायचा, थोडं थांबायचा, मान हलवायचा आणि मग शेजारच्या पोराला उठवायचा. "सर म्हंतात, पोरांना आदी सोड." हे तुमचंच बोलणं, पंगतीला बसायच्या आधीचं. सुरवातीला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग सवय झाली. मग ज्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही अशी पोरं संघात आली आणि त्यांना भीती वाटायला लागली. बोर्ली पंचतनकडचा एक नवा पोरगा, धीट, माझ्या भावाचं लक्ष नसताना त्या जागेवर बसला आणि चटका बसल्यासारखा उठला. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं, म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. माझ्याकडं जेवायला असतो, मीठ कमी असेल तर तोंडावर सांगतो.

आता संघाला शिकवतो तो तुमचाच चेला. गेल्या दिवाळीनंतर तो खानावळीत आला आणि ताट न घेताच बसला. "ताई, पोरं बिचकतात. पाहुणा संघ हसतो, पंच तक्रार करतात. ती जागा सोडायला सांगा त्याला. न्हायतर मला त्याला मैदानात येऊ देता येनार न्हाय." त्याला तरी दोष कसा देऊ? पण मैदान काढून घेतलं तर माझ्या भावाकडं उरतं काय, सर? सकाळ होते ती संध्याकाळच्या सरावासाठी. मी रात्रभर उशीखाली हात घालून पडून राहिले. सर मेले, असं सरळ सांगायचं होतं. माझी जीभ मासळीबाजारात चालते, तिथं चालेना.

मग मला युक्ती सुचली. लोण म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार! सगळा संघ बाद झाला की समोरच्यांना जादा गुण मिळतात आणि बसलेले सगळेच्या सगळे उठून पुन्हा खेळायला येतात. आजवर लोण चढला की तो पोरांना उठवायचा आणि तुमच्या जागेकडं बघून "सर मागनं" म्हणायचा. मी त्याला विचारलं, "काय रे, लोणात कुणाला मागं राहता येतं का? पोरांना आधी सोडायचं म्हटलं तरी सगळेच उठले की सरांना उठावंच लागेल ना?" तो पुष्कळ वेळ विचार करत बसला. मग हसला. एवढा हसलेला मी त्याला तुमच्यानंतर पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, झालं. एखाद्या सरावात लोण चढेल, कुणी उठणार नाही, हा दोन दिवस रडेल आणि प्रश्न मिटेल. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. लोण चढला की सर उठनार. त्या दिवसापासून पोरं अशी खेळायला लागली की शेवटचा गडी बाद होता होईना. चेष्टा नाही, सर. हरली तरी लोण घेऊन हरत नव्हती. एकटा उरलेला पोरगा घामानं निथळत मागच्या ओळीकडं एकदा बघायचा आणि जिवाच्या आकांतानं खेळायचा. त्या भीतीच्या जोरावर आपला संघ गावच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला पोचला. आणि आमचा वेडा रोज ती जागा झाडत होता. तिथं पाण्याचा तांब्या ठेवत होता. उठल्यावर सरांना तहान लागंल, म्हणत होता.

उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी सुपारीच्या वाड्यांमागं ऊन उतरलं होतं. गडग्यावर, झाडांवर माणसं. आमचे सहा बसलेले, सातवा एकटा मैदानात, तोच बोर्लीकडचा पोरगा. तो चढाईला गेला, मध्यरेषेपासून हातभर अंतरावर त्याला दाबला, शिट्टी झाली. पाहुण्यांनी आरोळी ठोकली आणि मधेच थांबवली, कारण आपली सगळी माणसं मागच्या ओळीकडं बघत होती. सातवा येऊन ओळीच्या शेवटी बसला. माझा भाऊ पहिल्या जागेपाशी गेला. थाप नाही मारली त्यानं. वाकला आणि दोन्ही हात पुढं केले, म्हाताऱ्या माणसाला उठवताना करतात तसे. मग मला पोरं उठल्याचा आवाज आला, पायांचा, कपड्यांचा. ती सगळी मैदानात गेल्यावर, मागून, सावकाश, कुणीतरी चड्डीवरची माती झटकली. पोरांपैकीच कुणी असेल. तांब्या पालथा पडला होता आणि माती ओली होती, पण तो त्याचाच पाय लागून पडला असेल. सामना आपण हरलो. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरावात त्यानं पहिल्या बाद गड्याला पहिल्या जागेवर बसवलं. तुमचा चेला माझ्याकडं पेढे घेऊन आला, पाया पडला. पोरं मोकळी झाली, माझ्या भावाचं मैदान राहिलं, मला हवं होतं ते सगळं झालं. फक्त तो आता रस्त्यानं चालताना एका बाजूला सरकून चालतो. दारात आला की आधी बाजूला होतो, कुणाला तरी आत येऊ देतो, मग स्वतः येतो. आणि घरात बोलतो. मैदानात त्या मातीशी तो नुसता बोलायचा. आता बोलतो, थांबतो, आणि मग हसतो. मधला थांबा तेवढाच असतो, समोरच्याला उत्तर द्यायला लागावा तेवढा.

आत्ता दुपार आहे. तो बाहेर ओट्यावर बोलत बसलाय आणि मी चुलीपाशी बसून हे लिहितेय. सामना संपल्यावर त्यानं माझे खांदे धरून विचारलं होतं, "ताय, बगलंस ना? उटले ना सर?" मी म्हटलं, "व्हय रे. बगलं." सर, मी काही पाहिलेलं नाही. त्यानं हात पुढं केले तेव्हाच मी डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि तो कुणालातरी हात धरून मध्यरेषेपर्यंत सोडून आला असं पोरं सांगतात, तोवर उघडले नाहीत. अजूनही मी ओट्याकडं सरळ बघत नाही, भाकरी खाली मान घालून ठेवते आणि आत येते. हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही. ओट्यावर नेऊन ठेवलं तर पुरे. पण ठेवणार नाही. ते कुणी उचललं तर काय करायचं याची भीती वाटते म्हणून नाही. कुणीच उचललं नाही तर मला फार वाईट वाटेल, म्हणून.