दाराखालचा पत्रा

गाडी वर घ्यायचा रॅम्प, हत्यारांचं लोखंडी कपाट, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि भंगारातून उचलून पुन्हा उभी केलेली लाल मोटार, एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. कोणाकडे न शिकता. मी, वय त्रेपन्न, धंदा मोटारदुरुस्ती. मंगळवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. सांगणारे पुष्कळ होते.

१. घर व बँकेतली ठेव पत्नीची. स्वयंपाकघरातला गळका नळ प्लंबरकडून करून घ्यावा, माझ्या धाकट्या भावाकडून नव्हे.

२. हत्यारं त्या भावाला, वेल्डिंग मशीन सोडून. पाने मापाप्रमाणे टांगावेत. तेरा नंबरचा सात वर्षं त्याच्याकडेच आहे.

३. लाल मोटार मुलीला. तिला ती रेसच्या ट्रॅकवर न्यायची आहे, आणि यावरून घरात तीन महिने धुसफूस चालू आहे. भाऊ म्हणतो, जुन्या गाडीला गंज असायचाच. त्याने खालून काळा डांबरी थर मारला. आता काही दिसत नाही, हाच त्याचा पुरावा.

गंज असा बघावा. बॉनेट, डिकीवरचे फोड सोडून द्यावेत. ते दिसायला वाईट, इतकंच. चाकांचे सांधे जिथे धरलेत ती जागा, सीटबेल्टच्या बोल्टाभोवतीचा पत्रा, दाराखालचा पोकळ पट्टा: इथे थर खरवडून हातोडी हळू मारावी. आवाज खणखणीत आला तर ठीक. भद्द आला तर स्क्रूड्रायव्हर दाबावा. आत गेला, तर ट्रॅकचं नाव काढू नये. तिथे प्रत्येक वळणाला सगळा ताण याच पत्र्यावर येतो.

चालकाच्या दाराखाली मी दाबला. मुठीपर्यंत गेला.

तिथलं ठिगळ अकरा वर्षांपूर्वी मीच लावलं. आतला गंज कापून काढायला हवा होता. मी वरूनच पत्रा जोडला. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या जागी काका असता तर दिली असतीस ना चावी?" मी चावी खिशात टाकली. उत्तर इथे देतो: पोरी, संशय तुझ्या हातांचा नाही, माझ्या जोडाचा आहे.

४. वेल्डिंग मशीन गल्लीच्या टोकाच्या वेल्डरला. कापल्याशिवाय जोडू नकोस, असं तो तेव्हाच म्हणाला होता. मी त्याला गॅरेजबाहेर काढलं आणि पुन्हा बोललो नाही. त्याने तो पट्टा पूर्ण कापून नवा घालावा. त्यानंतरच चावी मुलीच्या हातात द्यावी.

साक्षीदार: शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही), कोपऱ्यावरचे औषधवाले (सही).
लिहून ठेवणार: सही.
ठिकाण: गॅरेज, रॅम्पशेजारचं टेबल. १४ तारीख, रविवार.

साक्षीदारांसमक्ष वाढवलेलं कलम: सह्या होत असतानाच भाऊ लाल मोटारीला एक गिऱ्हाईक घेऊन आला. "दादा, दोन ओळी लिही, एवढंच." गंज वरवरचा आहे, गाडी ट्रॅकला चालेल, असं माझ्या अक्षरात हवं होतं. मी नाही म्हणालो. त्या दोन ओळींसकट गाडीला देऊ केलेली रक्कम: नऊ लाख चाळीस हजार.