पुढच्या खोलीचं भाडं आणि बाकीची वाटणी

मी, खाली सही करणारी, खुर्च्या-सोफे भरणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्या-दटावण्याशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा तिसरीपर्यंतच झाली, म्हणून अक्षर वाकडं आहे. डोकं सरळ आहे. डॉक्टरीणबाईंनी कालच तपासून तसं लिहून दिलंय. वकील म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." म्हटलं, वाटणी माझी, घाई तुम्हाला कसली? आणखी एक नोंदवते : हे लिहिताना माझ्या तोंडात एकही खिळा नाही.

हे लिहावं लागतं, कारण आमच्या धंद्यात बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे असतात. त्या वेळी कोणी काही बोललं तर उलटून बोलता येत नाही. थोरल्या सुनेला हे पक्कं ठाऊक. तिला जे बोलायचं ते ती नेमकं तेव्हाच बोलायची.

१. घर. हे तीन खोल्यांचं घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. नवरा लवकर गेला, हप्ते मी फेडले. पुढच्या खोलीसकट सगळं घर मी माझ्या नातीला देते. नात म्हणजे माझ्या गेलेल्या लेकीची मुलगी. बारीक म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. चौदाव्या वर्षी आई गेली, बापाने दुसरा संसार मांडला, आणि ही एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. "आजी, मी जास्त जागा घेणार नाही," म्हणाली. घेतली की! दप्तर, ओले टॉवेल, गाणी, आरशापुढे तासन्‌तास. घर नुसतं भरून टाकलं पोरीने. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण आनंदाने बूट येत नाहीत. या वयात पाय वाढतात, चष्म्याचा नंबर वाढतो, क्लासची फी तर विचारूच नका.

२. पुढची खोली. इथे थोरल्या मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नऊ वर्षं झाली, फुकट.

नातेवाइकाचं मूल सांभाळलं तर सरकारी मदत मिळते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी अर्ज केला. चौकशीला एक मॅडम घरी यायच्या होत्या. नेमका तेव्हा एका हॉटेलचा मखमली सोफा माझ्याकडे दुरुस्तीला आलेला. मी म्हटलं, तो आधी मागे ढकला. सून म्हणाली, "राहू द्या हो आई, शोभतोय. लोकांनी काय म्हणायचं आपल्याला?" वर स्वतःचे सोनेरी काठाचे कपही घेऊन आली. मॅडम हॉटेलच्या सोफ्यावर बसल्या, सोनेरी कपातून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "मुलीचा खर्च कोण करतं?"

मी तोंड उघडायच्या आत थोरला म्हणाला, "मामा जिवंत आहे ना तिचा! महिन्याला चार हजार मी देतो. आमच्या घरात सरकारी पैशावर कोणी वाढलं नाही."

"अरे, देतो म्हणजे? कधी..."

"आई, तू गप्प बस. तुला कळत नाही."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. मदत नामंजूर झाली. कारण काय, तर मामांचा आधार आहे.

मामांचा आधार पहिल्या महिन्यात आला. दुसऱ्या महिन्यात अर्धा आला. तिसऱ्या महिन्यात सून आली, माझं तोंड खिळ्यांनी भरलेलं बघून. "आई, आम्हालाही पोरं आहेत. आणि एवढीशी पोर, खाते किती! तुमचे हात अजून चालतायत ना?" हात चालत होते. कमी केलेलं काम मी पुन्हा वाढवलं, गुडघ्यांनी शिव्या दिल्या तरी. पण टाचणी दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून पोर ताटावर बसून "भूक नाही" म्हणायला लागली. हे मी माफ केलेलं नाही. वकील म्हणाले, याची मृत्युपत्रात गरज नाही. आहे.

तर थोरल्याला मी हाकलत नाही. त्याने दुकान खुशाल चालवावं. भाडं महिना चार हजार, टाचणीच्या हातात द्यावं. आकडा मी ठरवलेला नाही, त्याचाच आहे. देताना "मामा म्हणून देतो" असं म्हणू नये. मामा म्हणून द्यायला दोन वर्षं होती.

३. धाकटा मुलगा दर रविवारी फोनवर सल्ला देतो : "तिला वसतिगृहात घाल, आई." मदत म्हणून त्याने एक बंद कॉम्प्युटर पाठवला. तो त्याला परत देते. नेण्याचा खर्च त्याने करावा.

४. थोरल्या सुनेला हॉटेलच्या सोफ्याची उरलेली दीड मीटर मखमल. शोभेल.

५. टाचणी अठराची होईपर्यंत व्यवहार शेजारच्या चाव्यावाल्याने पाहावा आणि त्याच्या बायकोने तिच्या सोबतीला राहावं. दोघांनी आनंदाने होकार दिलाय. घराचं कानावर जाताच थोरला परवा येऊन म्हणाला, "आई, पोरगी आमच्याकडेच राहू दे ना, आपलीच आहे." घरासकट आपली झाली! टाचणी कुठेही जाणार नाही. ती स्वतःच्या घरात राहील आणि पोटभर जेवेल.

६. हातोडी, कात्री, वाकड्या सुया टाचणीला. तिने हाच धंदा करावा असं नाही. माझं बघून तीही खिळे ओठांत धरायला लागली होती, मी ओरडले. बाळा, खिळे वाटीत ठेवून ठोक. वेळ लागेल, लागू दे. तोंड मोकळं ठेव.

७. हे मृत्युपत्र पुढच्या खोलीत, दुकान उघडं असताना, गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचावं. टाचणीने वाचावं. थोरला मध्ये बोलायला लागला तर तिने म्हणावं, "मामा, तू गप्प बस. तुला कळत नाही." आणि पुढे वाचावं.

सही : (वाकडी आहे, पण माझीच)
साक्षीदार : १. चाव्यावाला, शेजारी. २. डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना.
ठिकाण : मागची खोली, कामाचं टेबल.
दिनांक : टाचणीला सोळा पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बूट नवे घेतलेत, एक नंबर मोठे.