जावेचं निळं, माझं जांभळं

४ मार्च
समोर धाकट्या जावेने दुकानाच्या काचेत नवा कॉम्प्युटर मांडलाय. आत नळ्या, नळ्यांत निळंशार कूलंट. मशीन तापू नये म्हणून पाण्यासारखं फिरवतात ते. येणारेजाणारे तोंड वासून बघतात. मी बघत नाही. दिवसभरात दिसलं तेवढंच.

५ मार्च, सकाळी
कार्टून बनवणारा एकजण आमच्या दुकानात आला. तसंच एक मशीन करून मागितलंय. नीट चाललं तर त्याच्या ऑफिसातल्या सगळ्या मशीनची ऑर्डर आपल्याकडे. जावेकडे न जाता आमच्याकडे आला, यातच काय ते आलं. हे म्हणाले, तिचं दुकान बंद होतं. ह्यांना मध्ये बोलायची सवयच.

६ मार्च
मशीन हे जोडणार, कूलंट मी निवडणार. हे म्हणतात, बिनरंगी घे, टिकतं. म्हटलं, नळाचं पाणी भरलंय असं वाटेल गिऱ्हाइकाला. मी गुलाबी आणलं, दुधासारखं दाट. दाट ते कसदार. एवढं कळायला शाळा लागत नाही.

९ मार्च
भरलं. जाऊ रस्ता ओलांडून बघायला आली. म्हणाली, ताई, रंग गोड आहे हो. गोड! झबल्याला म्हणतात गोड. आता निळंच आणते. मी जळत नाहीये. धंदा आहे.

१० मार्च, दुपारी
निळी बाटली आणली. गुलाबी ओतून द्यायला जीव होईना, त्यातच मिसळली. दोन जातीचं एकत्र करू नये म्हणे, हे बाटलीवरचं वाचून दाखवत होते. बाटलीवाल्यांना आपलीच खपवायची असते. रंग जांभळा आला. जावेने बापजन्मी पाहिला नसेल असा. मशीन पोचतं केलं.

१४ मार्च
कार्टूनवाल्याचा फोन. मशीन तापून बंद पडतं. त्याचीच कार्टूनं जड असणार.

१५ मार्च
मशीन घेऊन तो स्वतःच आला. नळ्यांत दह्यासारख्या गुठळ्या. हे सरळ जावेला बोलवायला गेले. मला ओरडले असते तर बरं होतं.
तिने बाह्या सरसावून सगळं उघडलं, धुतलं, तिचं कूलंट भरलं. बिनरंगी! निळं कुठाय म्हटलं, तर म्हणते, ताई, काचेतल्या मशीनमागे निळा दिवा लावलाय हो, आत साधंच असतं.
कार्टूनवाल्याने सगळ्या मशीनची ऑर्डर तिला दिली. माझ्याच दुकानात उभं राहून.
एवढं मोठं गिऱ्हाईक माझ्यामुळे मिळालं. आभार राहिले बाजूला, वर मलाच म्हणाली, ताई, कामाला हात कमी पडतील, उद्यापासून याल का?
जाणार आहे. तिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच.